काही ग्राहकांना, काही वेळ

एखादी गोष्ट बंद राहणार आहे हे लोकांना कळवावं कसं, हे आपल्याइतकं जगात कुणालाच जमत नाही, अशी मुरोता केन्जिरो यांची खात्री होती. इसोदानी गावाच्या पाणीखात्यात त्यांनी सदतीस वर्षं काढली आणि त्यातली एकवीस ‘पाणी बंद’च्या नोटिसा लिहिण्यात घालवली. यात हसण्यासारखं काही नाही. ‘मंगळवार दिनांक नऊ, सकाळी नऊ ते साडेअकरा, देवळाच्या पायऱ्यांपासून मासळीबाजाराच्या दुसऱ्या वळणापर्यंत. पाणी परत आल्यावर पहिली पाच मिनिटं तांबूस दिसेल, घाबरू नये. पांढरे कपडे त्यात धुऊ नयेत.’ अशी नोटीस लिहायला डोकं लागतं. बायका ती कापून फ्रीजवर चिकटवत. आणि साडेअकरा लिहिलं असलं की मुरोता पाणी अकरा वाजून दहा मिनिटांनी सोडत. लोकांना वीस मिनिटांचा आनंद फुकट मिळे.

अशा माणसावर एका मंगळवारी सकाळी स्वतःचीच वेबसाइट बंद पडण्याची वेळ आली.

वेबसाइट गावच्या प्राथमिक शाळेची होती. शाळेत आता नऊ मुलं उरली होती आणि मार्चमध्ये शाळा कायमची बंद व्हायची होती. त्यामुळे या ऑक्टोबरचा क्रीडादिन शेवटचा. जिथे जिथे म्हणून शाळेचे जुने विद्यार्थी पांगले होते तिथून त्यांना बोलवायचं, सगळ्यांनी मिळून धावायचं, दोर ओढायचा, मैदानावर बसून डबा खायचा आणि घरी जायचं, असं ठरलं. किती जण येणार ते आधी कळायला हवं, म्हणून मुरोतांनी वाचनालयातल्या सहा आठवड्यांच्या वर्गात शिकून नोंदणीची वेबसाइट तयार केली. वर्गात त्यांचा दुसरा नंबर आला होता. पहिला आलेल्या बाईंनी मांजरांची वेबसाइट केली होती, आणि मांजर असलं की गुण जास्त मिळतात, हे मुरोतांनी बायकोला तीनदा सांगून झालं होतं.

नोंदणी गुरुवारी संध्याकाळी पाचला संपणार, क्रीडादिन रविवारी. सोमवारी रात्री जेवायच्या आधी मुरोतांनी पाहिलं तेव्हा एकसष्ट नावं आली होती. बहुतेक लोक शेवटच्या तीन दिवसांत जागे होतात, हा त्यांचा खात्यातला अनुभव होता.

मंगळवारी सकाळी दहा वाजता फोन वाजला. कोपऱ्यावरच्या केस कापायच्या दुकानातली हात्सुए बोलत होती. मागे केस वाळवायचं यंत्र घोंघावत होतं.

“मुरोतासान, ओसाकाहून माझ्या बहिणीचा फोन आला होता. तिने नाव-बिव सगळं भरलं, बटण दाबलं, आणि पाचशे तीन आलं म्हणे!”

“काय आलं?”

“पाचशे तीन! मोठ्या अक्षरात!”

वर्गातल्या वहीत हा आकडा लाल शाईने लिहिलेला होता. जिथे वेबसाइट ठेवलेली असते तो संगणक ‘आत्ता मला जमणार नाही’ असं म्हणतो, तेव्हा तो हा आकडा दाखवतो.

“हात्सुएसान, ते बरोबर नाही. ती चूक आहे. ते म्हणजे—”

“काय? ऐकू येत नाहीये, डोक्याला यंत्र लावलंय! बरं, ठेवते, वस्तीचे अध्यक्ष आलेत केस कापायला!”

मुरोतांनी संगणक उघडला. वेबसाइट दिसत होती. शाळेचं चित्र, चेरीचं झाड, सगळं जागच्या जागी होतं. त्यांनी खोटं नाव भरून बटण दाबलं. पाचशे तीन. पुन्हा दाबलं. पाचशे तीन. मग मुख्य पानही गेलं. दोन मिनिटांनी ते परत आलं, जणू काही झालंच नव्हतं.

वेबसाइटला जागा देणाऱ्या कंपनीचं एक पान होतं, तिच्या सगळ्या सेवा कशा चालल्या आहेत ते सांगणारं. सगळं ठीक असलं की तिथे हसरा सूर्य असे, बिघाड असला की ढग, मोठा बिघाड असला की छत्री. मुरोतांनी पाहिलं तर सूर्य हसत होता. ‘सर्व सेवा सुरळीत सुरू आहेत.’

“सुरळीत!” मुरोता एवढ्या जोरात ओरडले की स्वयंपाकघरातून बायको, सुमिए, हातातला मुळा तसाच घेऊन आली.

“काय झालं?”

“वेबसाइट बंद आहे आणि हे सूर्य दाखवताहेत!”

“मग त्यांना अजून कळलं नसेल.”

“बिघाड कुणाचा? त्यांचा. मग आधी कळायला कुणाला हवं?”

“तुमचं ते जुनं खातं नाहीये ते,” सुमिए म्हणाली. “चहा घ्या.”

पाऊण तासाने सूर्याचा ढग झाला आणि खाली मजकूर आला. ‘काही ग्राहकांना काही वेळ काही प्रमाणात अडचण येत असण्याची शक्यता आहे. तपास सुरू आहे. आपणांस होत असलेल्या गैरसोयीबद्दल आम्ही अंतःकरणपूर्वक दिलगीर आहोत.’

मुरोतांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. एका वाक्यात तीन ‘काही’ आणि वर एक ‘शक्यता’. कुठल्या ग्राहकांना? किती वेळ? आणि अडचण येत असण्याची शक्यता म्हणजे काय? त्यांच्या हाताखालच्या कारकुनाने असा कागद आणला असता तर त्यांनी तो परत देऊन त्याला आधी गटाराचा नकाशा पाठ करायला लावला असता.

त्यांनी कंपनीला फोन लावला. फोनवर व्हायोलिन वाजत होतं. मधूनमधून एक बाई व्हायोलिन थांबवून सांगे की सध्या फोन फार येत आहेत, आणि पुन्हा वाजवायला लावे. अर्ध्या तासाने मुरोतांचा कान गरम झाला. फोन ठेवून ते संगणकापाशी आले, पान ताजं केलं, उठून खिडकीशी गेले, परत आले, पान ताजं केलं. दुपारपर्यंत त्यांचं हेच चाललं होतं. ढगाखाली दर तासाला एक ओळ वाढत होती. ‘तपास सुरू आहे.’ ‘तपास अद्याप सुरू आहे.’ ‘कारण सापडले आहे.’ मुरोता खुर्चीत सावरून बसले. ‘सापडलेले कारण हे कारण नसल्याचे आढळले आहे. तपास सुरू आहे.’

चारच्या सुमाराला टपालपेटीत एक ईमेल पडलं. त्यांनी धडपडत उघडलं. ‘बुधवारी ठरलेली देखभाल, सध्या सेवा बंद असल्यामुळे, पुढे ढकलण्यात येत आहे.’

“म्हणजे चालू असती तर बंद करणार होते,” सुमिए म्हणाली. “आता बंद आहे म्हणून बंद करता येत नाही.”

मुरोतांना हसू आलं नाही.

गावाला तर कळवायलाच हवं होतं. त्यासाठी वस्तीत फिरती पाटी होती. एका फळीला चिमट्याने कागद लावायचा, पहिल्या घरी द्यायचा. त्यांनी वाचून शिक्का मारायचा आणि शेजारच्या घरी पोचवायचा. अशी बेचाळीस घरं. मुरोता कोरा कागद घेऊन बसले. ‘शाळेच्या वेबसाइटवरील नोंदणी बंद आहे,’ असं लिहून थांबले. कधीपासून? दहापासून, पण कदाचित आधीपासून. कधीपर्यंत? माहीत नाही. पूर्ण बंद? नाही, मधेच चालू होते. वेळ न घालता नोटीस काढायची वेळ त्यांच्यावर एकवीस वर्षांत आली नव्हती. ‘बंद आहे’ असं सरळ लिहावं, तर सहा आठवडे खपून केलेली वेबसाइट चार दिवसांत बंद पडली हे बेचाळीस घरांत शिक्क्यासकट नोंदवलं जाणार. त्यांनी खोडलं. पुन्हा लिहिलं. तासाभराने जो कागद तयार झाला तो असा होता:

‘नोंदणीच्या पानावर सध्या काही प्रमाणात अडथळा येत असण्याची शक्यता आहे. योग्य ती व्यवस्था करण्यात येत आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’

सुमिएने वाचलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता शिक्का मारला. तिने काहीतरी बोलायला हवं होतं, असं मुरोतांना वाटलं.

बुधवारी सकाळी दाताच्या दवाखान्यात जायचं होतं. ती वेळ दोन महिन्यांपूर्वी घेतलेली, त्यामुळे टाळता येईना. खुर्चीत आडवे पडून, तोंडात कापूस, मुरोता पोटावरच्या फोनमधलं पान ताजं करत होते. डॉक्टर मधेच म्हणाले, “अडथळा येतोय म्हणे तुमच्या पानावर? आमच्याकडे सकाळीच आली पाटी. अभिनंदन हं!”

“आआ?” मुरोता म्हणाले.

“बोलू नका, हलतंय.”

अभिनंदन कशाचं, हे विचारायचं त्यांच्या मनात होतं, पण तेवढ्यात फोनवरचा ढग गेला. सूर्यही नव्हता. त्या जागी नुसती एक ओळ होती. ‘बिघाडांची माहिती देणाऱ्या पानामध्ये बिघाड झाला आहे. त्याबाबतची माहिती याच पानावर देण्यात येईल.’

मुरोता इतक्या झटक्याने उठून बसले की डॉक्टरांच्या हातातला आरसा खाली पडला.

घरी येऊन, अर्धा गाल बधिर असताना, त्यांनी पुन्हा फोन लावला. व्हायोलिन ऐकत जेवण केलं. व्हायोलिन ऐकतच ताटं धुतली. आणि अचानक व्हायोलिन थांबून एका तरुण मुलीचा आवाज आला.

“खूप वेळ थांबावं लागलं, मनापासून क्षमा मागते. मी हिबिनो. आदरणीय ग्राहक, आपली काय सेवा करू?”

“कधी सुरू होणार ते सांगा,” मुरोता म्हणाले. बधिर गालामुळे ते ‘कदी छुरू’ असं काहीतरी झालं.

“सध्या तपास सुरू आहे. निश्चित वेळ सांगता येत नसल्याबद्दल—”

“निश्चित नको. अंदाज सांगा.”

“अंदाजही सांगता येत नसल्याबद्दल दिलगीर आहोत.”

“बाई, तुम्ही कागद वाचताय.”

“हो,” ती म्हणाली.

“तो बाजूला ठेवा. तुम्हाला स्वतःला काय दिसतंय तिथे?”

“मला?” तिचा आवाज जरा खाली आला. “आजोबा, खरं सांगू? तुम्हाला जे पान दिसतं ना, तेच मलाही दिसतं. सूर्य आणि ढग. मी पण तेच ताजं करत बसलेय. आता तर तेही गेलं.”

“तिथे जाऊन बघत का नाही? आमच्या वेळी पाइप फुटला की मी स्वतः खड्ड्यात उतरायचो. डोळ्यांनी बघितल्याशिवाय नोटीस लिहायचो नाही.”

“खड्डा कुठे आहे तेच मला माहीत नाही,” हिबिनो म्हणाली. “मी साप्पोरोत बसते. संगणक कुठे आहेत ते कुणी सांगितलेलं नाही. सकाळपासून एकशेदहा जणांनी शिव्या दिल्या. तुम्ही अजून दिल्या नाहीत.”

मुरोतांनी दोन वाक्यं तयार ठेवली होती. ती गिळली. “पाणी प्या जरा,” ते म्हणाले. “एकशेदहा म्हणजे घसा बसतो.”

फोन ठेवल्यावर त्यांना एकदम एकटं वाटलं. रागवायला कुणी उरलंच नव्हतं.

गुरुवारी सकाळी ते वस्तीच्या सभागृहात गेले, आणि दारातच थबकले. आत खुर्च्यांचे मनोरे रचले होते. काही देवळातल्या, काही शाळेतल्या. आणि अंत्यविधीला मांडतात तशा पांढऱ्या कव्हरांच्या, मागे काळी फीत असलेल्या खुर्च्या कुठून आल्या हे न विचारलेलंच बरं होतं. मधोमध वस्तीचे अध्यक्ष तोकुमित्सु उभे होते. केस ताजे कापलेले, गळ्यात शिट्टी.

“आला, आला! आजचा हिरो आला!” अध्यक्षांनी मुरोतांच्या पाठीवर थाप मारली. “पाचशे तीन! अरे, गावची वस्तीच मुळी चारशे आहे!”

“काय पाचशे तीन?”

“मंगळवारी सकाळी दहापर्यंत पाचशे तीन! हात्सुएच्या बहिणीचा नंबर तो. आतापर्यंत तर सहाशे झाले असतील. पण म्हटलं आपण फुगवायचं नाही, पाचशे तीन धरून चालू. निशिगोरीला डबे सांगितले. शेतकरी ओकेगावाच्या शेतात गाड्या लावायच्या, त्यासाठी त्याने मुळे आठवडाभर आधी उपटले. वर्तमानपत्रवाला येतोय.”

मुरोतांना बसावंसं वाटलं, पण समोर त्या काळ्या फितीच्या खुर्च्या होत्या.

“अध्यक्षसाहेब, मी नोटीस काढली होती.”

“वाचली की! पाठ आहे!” अध्यक्षांनी खिशातून फोन काढला आणि त्यातल्या पाटीच्या फोटोवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. “‘पानावर काही प्रमाणात अडथळा. योग्य ती व्यवस्था करण्यात येत आहे.’ एवढी गर्दी उसळली की पान अडलं! मग म्हटलं योग्य ती व्यवस्था म्हणजे आपणच करायची. खुर्च्या, डबे, गाड्या.”

डबे करणाऱ्या निशिगोरी बाई कोपऱ्यात, पाचशे डब्यांना कोबी पुरेल का या चिंतेत उभ्या होत्या. हात्सुए दारात आली होती. तिच्यामागे आणखी चारपाच जण. मुरोतांना वाटलं, हात्सुएवर ढकलावं. यंत्र तिने लावलं होतं. ऐकलं तिने नाही. पण तो कागद हात्सुएने लिहिलेला नव्हता.

“पाचशे तीन हा लोकांचा आकडा नाही,” ते म्हणाले. “बिघाडाचा आहे. वेबसाइट मंगळवारपासून बंद आहे. आलेली नावं एकसष्ट आहेत. नंतर किती आली असती ते मला माहीत नाही. कधी सुरू होणार ते कंपनीलाही माहीत नाही. नोटिशीत हे सगळं मी सरळ लिहायला हवं होतं. मला लाज वाटली म्हणून लिहिलं नाही.”

अध्यक्षांच्या गळ्यातली शिट्टी तेवढी हलत होती.

“एकसष्ट?” शेवटी निशिगोरी बाई म्हणाल्या. “मी तीनशे अंडी उकडायला टाकलीत, मुरोतासान.”

“ओकेगावाचे मुळे!” कुणीतरी म्हणालं.

मग सल्ले सुरू झाले. एकाने सुचवलं की वेबसाइट बंद करून पुन्हा चालू करावी. ती बंदच आहे, हे त्याला दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्याचं म्हणणं, त्याचा टीव्ही असाच होतो, बाजूने थोपटल्यावर चालतो. तेव्हा कुणीतरी कंपनीत जाऊन थोपटून यावं. अध्यक्षांनी क्रीडादिन वसंतात ढकलावा का असं विचारलं, पण वसंतात शाळाच नव्हती. शेवटी हात्सुए, जी इतका वेळ गप्प होती, हे तिच्या बाबतीत मोठंच, ती म्हणाली, “शाळेत वर्गावर्गाच्या याद्या आहेत ना जुन्या? फोन करू या. पाच वाजेपर्यंत. माझ्या वर्गाला मी करते.”

याद्या आल्या. सभागृहाच्या चटयांवर माणसं पसरली, प्रत्येकाच्या कानाला फोन. अर्धे नंबर मेलेले, अर्ध्यांवर दुसरीच माणसं. पण एकाला गाठलं की तो दुसऱ्याचा नंबर देई, दुसरा तिसऱ्याचा. सगळे मोठमोठ्याने बोलत होते. एका बाजूने “अगं, तू अजून जिवंत आहेस!” ऐकू येत होतं, दुसऱ्या बाजूने “गुडघे? माझेही गेले!” कुणी कुणी पलीकडून सांगे, “आम्ही नोंद केली आहे की वेबसाइटवर,” आणि मग इकडे त्यांच्या नावापुढे ‘आधीच मोजलेले’ अशी खूण होई.

मुरोतांच्या हातात त्यांच्या स्वतःच्या वर्गाची यादी आली. एकोणीस नावं. त्यांनी सतरा जणांना फोन केले. एक नाव त्यांचं स्वतःचं होतं. उरलं एक, इकुशिमा. त्या नावावर ते तीनदा आले आणि तीनदा चहा घ्यायला उठले.

“तेवढा एक राहिलाय,” शेजारी बसलेली सुमिए यादीकडे न बघता म्हणाली. “वेबसाइट असती म्हणजे त्यालाही आपोआप कळलं असतं, नाही का?”

मुरोतांनी फोन लावला.

“कोण?” पलीकडून घोगरा आवाज आला. मागे भांड्यांचा खडखडाट.

“मी मुरोता.”

खडखडाट थांबला. “एकोणतीस वर्षं झाली,” इकुशिमा म्हणाला.

“अजून राग आहे?”

“माझ्या शेवयांच्या दुकानाचं उद्घाटन. दाराला फुलं. आत चाळीस माणसं. आणि नळाला पाणी नाही! शेवया काय थुंकीत शिजवू?”

“नोटीस लावली होती, इकुशिमा. आठ दिवस आधी. वेळेसकट.”

“नोटीस चोख होती, त्याबद्दल कोण म्हणतोय? मी फरशी बसवत होतो आठ दिवस, मी कुठे वाचणार भिंती! तू रोज संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन बसायचास. माझीच बियर प्यायचास. एकदा तोंडाने म्हणाला असतास, ‘अरे, त्या दिवशी पाणी नाही.’ झालं असतं.”

एकोणतीस वर्षं मुरोतांकडे याचं उत्तर तयार होतं. नियमाप्रमाणे कळवलं होतं, हे ते उत्तर. ते जिभेवर आलं आणि बधिर नसलेल्या गालातही अडकलं.

“हो,” ते म्हणाले. “तोंडाने सांगायला हवं होतं.”

पलीकडे कुणीतरी नाक शिंकरलं.

“म्हणून आता सांगतोय,” मुरोता पुढे म्हणाले. “रविवारी शाळेचा शेवटचा क्रीडादिन आहे. किती लोक येतील माहीत नाही. जेवण पुरेल का माहीत नाही. माझी वेबसाइट बंद पडलीय आणि गावात माझी शोभा झालीय. तू ये.”

“दुकान उघडं असतं रविवारी,” इकुशिमा म्हणाला आणि फोन ठेवला.

पाच वाजता बेरीज झाली. दोनशे चौदा. निशिगोरी बाईंनी सुटकेचा श्वास टाकला. अंडी अर्धी कापून प्रत्येक डब्यात एक-दीड घातली तर सगळी जिरत होती. अध्यक्षांनी वर्तमानपत्रवाल्याला ‘सुमारे’ हा शब्द घालायला सांगितलं.

रविवारी आकाश स्वच्छ होतं. मैदानाच्या फाटकापाशी टेबल टाकून मुरोता आणि सुमिए यादी घेऊन बसले. साडेआठपर्यंत सगळं यादीप्रमाणे चाललं. मग एक टोपीवाले गृहस्थ आले.

“नाव?”

“नाव कशाला, नंबरच आहे माझ्याकडे,” ते अभिमानाने म्हणाले. “पाचशे तीन.”

मुरोतांच्या हातातलं पेन थांबलं. मागच्या बाई पुढे वाकल्या. “अय्या, मलाही पाचशे तीनच दिलाय!”

“आम्हा चौघांनाही,” रांगेत मागून आवाज आला. “आम्हाला वाटलं, गटाचा नंबर असेल.”

रांग मागे वाढत होती. मंगळवारपासून ज्यांनी ज्यांनी बटण दाबलं त्यांनी तो आकडा कागदावर, हातावर, फोनमध्ये जपून आणला होता. एका आजींनी तो तांबड्या धाग्याने नातवाच्या टोपीवर भरला होता. गुरुवारी फोनवर ‘आम्ही नोंद केली आहे’ म्हणाले, ते हेच. साडेनऊपर्यंत असे एकशे एकोणीस पाचशे तीन झाले आणि अजून गाड्या येतच होत्या. ओकेगावाचं मुळ्याचं शेत भरलं. काळ्या फितीच्या खुर्च्यांवरही लोक बसले, आणि कुणाला काही वाटलं नाही.

अध्यक्ष शिट्टी वाजवत धावत आले. “बघ! मी म्हणत नव्हतो? पाचशे तीन!” आणि मग हळू आवाजात, “डबे दोनशे चौदाच आहेत ना?”

मुरोता उठले. या वेळी कागद काढला नाही. ध्वनिक्षेपक घेतला आणि मैदानाच्या मधोमध उभे राहिले.

“मी मुरोता. वेबसाइट माझी,” ते म्हणाले. “पाचशे तीन म्हणजे वेबसाइट बंद. तुमची नोंद झालेलीच नाही. जेवणाचे सव्वाशे डबे कमी आहेत. चूक आमची आहे. ज्यांच्याजवळ डबा आहे त्यांनी शेजाऱ्याला अर्धा द्यावा. बारा वाजता जेवण, साडेबारापर्यंत आणखी भात शिजेल.”

कुणीतरी हसलं, आणि बघता बघता सगळं मैदान हसायला लागलं. “मी बंद आहे!” टोपीवाले गृहस्थ शेजारच्या बाईंना सांगत होते. “मी पण बंद!” बाई म्हणाल्या. निशिगोरी बाई बाह्या सरसावून शाळेच्या स्वयंपाकघरात शिरल्या, हात्सुए पाचसहा जणींना घेऊन भाताचे गोळे वळायला त्यांच्यामागे गेली.

टेबलापाशी परतल्यावर मुरोतांचे कान गरम झाले होते. खिशातला फोन थरथरला. त्यांनी पाहिला नाही, कारण फाटकातून एक छोटा मालट्रक मागे मागे येत होता, आणि तो चालवणाऱ्याला मागचं काही दिसत नव्हतं हे उघड होतं.

“डावीकडे! डावीकडे! झाड आहे!” मुरोता धावले.

ट्रक झाडापासून वीतभर अंतरावर थांबला. आतून एक जाडा, टकला माणूस उतरला. मागच्या फळीवर दोन भली मोठी पातेली होती, शेजारी शेवयांच्या पेट्या रचलेल्या.

“दीडशे लोकांचं आहे,” इकुशिमा म्हणाला. “आणि पाण्याची पिंपं मी घरून भरून आणलीत. तुझा भरवसा नाही.”

मुरोतांनी टेबलावरून पेन उचललं, यादीची नवी ओळ शोधली. “तुझं नाव घालतो. इकुशिमा, अं, पूर्ण नाव—”

“तोंडाने बोलावलंस ना?” इकुशिमा म्हणाला. “मग आता लिहीत काय बसलास? दुसरी कडी धर. गरम आहे, कापड घे.”

मुरोतांनी खिशातला रुमाल काढून कडीला गुंडाळला, आणि दोघे म्हातारे एकमेकांवर ओरडत, अर्धा रस्सा बुटांवर सांडत, मैदानाकडे निघाले.